पलीकडची वाळू

तिला सगळे ताडपत्रीवाली म्हणत. लोकांना नाव ठेवायला फार डोकं लागत नाही. माणूस जे काम करतो तेच त्याच्या गळ्यात बांधून मोकळे होतात. नदी जिथं समुद्राला मिळते तिथं अलीकडच्या तीरावर अगदी शेवटचं घर तिचं, आणि त्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिवणयंत्र. जाड कापडाचं, लोखंडी पायांचं, दोघांनी उचलायला घेतलं तर तिसऱ्याला हाक मारावी लागेल इतकं जड. त्यावर ती होड्यांची झाकणं शिवायची, ट्रकांच्या ताडपत्र्या शिवायची, दुकानांपुढची कापडी छपरं शिवायची. मेण लावलेला दोरा, बोटाएवढी सुई, कडेनं ठोकलेल्या पितळी कड्या. खारी हवा यंत्राला खायची आणि ती यंत्राला तेल पाजायची, असा तीस वर्षांचा संसार. खऱ्या लग्नाचं म्हणाल तर दोन-तीन ठिकाणी बोलणी झाली आणि फिसकटली. पुढं कुणी विषय काढलाच तर ती म्हणे, "झालंय की माझं लग्न. नवरा लोखंडाचा आहे, पण उलट बोलत नाही, हे काय कमी आहे?"

घरात ती आणि तिची आई, दोघीच. ही थोरली, बावन्न वर्षांची. आई ब्याऐंशीची. गुडघे गेलेले, पण कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट. धाकटी बहीण लग्न करून नदीपलीकडे गेली होती. थोरलीच्या दारातून धाकटीच्या घराचं छप्पर दिसायचं, पण मध्ये नदीचं अख्खं मुख पसरलेलं, त्यामुळं जाणं व्हायचं सणासारखं, कधीतरी. धाकटीचा नवरा माणसांना नदीपार नेणारी होडी चालवायचा. ती होडी मूळची या दोघींच्या वडिलांची. वडिलांनी चाळीस वर्षं माणसं, सायकली, शेळ्या आणि एकदा तर कपाटासकट नवरी पलीकडे पोचवली होती.

थोरली एकोणीस वर्षांची असताना वर डोंगरात नदीवर धरण झालं. तेव्हा घरासमोर एवढी वाळू होती की दुपारी पाण्यापर्यंत अनवाणी जायचं तर मध्ये दोनदा ओल्या फडक्यावर उभं राहून पाय थंड करावे लागत. धरणाचा या वाळूशी काही संबंध असेल हे कुणाच्या गावीही नव्हतं. पाणी अडवतील, पाणी सोडतील, आपल्याला काय! पण ती वाळू नदीच डोंगरातून आणून टाकत होती. समुद्र रोज आपला वाटा उचलायचा आणि नदी रोज भर घालायची. धरणानंतर नदी रिकाम्या हातानं यायला लागली. समुद्र मात्र आपला वाटा सोडायला तयार नव्हता. आधी सुटीत येणारी माणसं कमी झाली, मग त्यांच्या छत्र्या, मग चहाच्या टपऱ्या, आणि टपऱ्यांच्या छपरांचं थोरलीचं काम.

हे सगळ्यांत आधी वडिलांच्या लक्षात आलं. दर महिन्याच्या एक तारखेला ओहोटीच्या वेळी ते उंबऱ्याला पाठ लावून उभे राहायचे आणि पावलाला पाऊल लावून चालत निघायचे, टाचेला अंगठा चिकटवून, वाळूची कड तुटते तिथपर्यंत. परत येऊन दाराच्या मागच्या बाजूला सुताराच्या पेन्सिलीनं आकडा लिहायचे. सहाशे बारा. सहाशे दहा. पाचशे नव्वद. असं करता करता दाराची अर्धी फळी भरली. लोक चेष्टा करायचे, कारण वडिलांचे पाय होते अवाढव्य. चपला शिवणारा म्हणायचा, "तुमच्या एका जोडात माझ्या दोन पोरांचे जोड निघतील." आणि त्या चपला घालूनच वडील वाळू मोजायचे, कारण अनवाणी चाललं की शिंपले टोचतात. असलं मोजमाप दुसऱ्या कुणी मानलं नसतं, पण ते त्यांचं होतं आणि ते चुकत नव्हतं. शेवटचा आकडा त्यांनी लिहिला तो दोनशे दहा.

त्यानंतर ते अंथरुणाला खिळले. आठ महिने. त्या आठ महिन्यांत कुणाला मोजायची शुद्ध होती? जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी थोरलीचा हात धरला आणि म्हणाले, "तुझ्या आईला या घरातून हलवू नकोस. तिला दुसरीकडं करमायचं नाही. जाईल ती इथूनच जाऊ दे." थोरलीनं मान डोलावली. त्या मानेच्या हालचालीनं तिचं पुढचं सगळं आयुष्य ठरलं, असं म्हणायला हरकत नाही.

वडील गेल्यानंतरच्या एक तारखेला ती उंबऱ्याला पाठ लावून उभी राहिली. पावलाला पाऊल लावून चालली. दोनशे बारा. तिचा विश्वास बसेना. परत फिरली, परत मोजलं. दोनशे बाराच. म्हणजे आठ महिन्यांत एक पाऊलभर वाळूही गेली नव्हती, उलट दोन पावलं वाढली होती! ती आईच्या खाटेपाशी धावत गेली. "आई, थांबली गं! बाबांनी जाता जाता थांबवली!"

आई म्हणाली, "जिवंतपणी त्यांना दाराची कडी दुरुस्त करायला जमलं नाही, मेल्यावर समुद्र थांबवला होय?" पण तीही हसली. घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसलं होतं.

आणि नेमकं त्याच महिन्यात सरकारी कार्यालयातून पत्र आलं. किनारा खचतो आहे, तरी कडेच्या सात घरांना वर चढावर जागा देण्यात येईल, एक महिन्यात लेखी कळवावे. थोरलीनं पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि त्याच दमात म्हणाली, "आपल्याला नको. किनारा थांबलाय आणि तुला इथून हलवायचं नाही." रात्र न जाऊ देता तिनं सुवाच्य अक्षरात उत्तर लिहिलं. आकडे सोबत जोडले. सहा घरांनी जागा घेतली. ते लोक चढावर गेले तेव्हा थोरली दारात उभी राहून त्यांच्याकडे जरा कीव केल्यासारखी बघत होती, हे तिला पुढं फार डाचलं.

पुढच्या महिन्यापासून आकडे पुन्हा उतरू लागले. तिनं आधी वादळाला दोष दिला, मग भरतीला. अशी दोन वर्षं गेली. मग एक दिवस एक मोजणीवाली आली. तिशीची पोर, डोक्यावर टोपी, खांद्यावर तिपाई आणि यंत्र. वर धरण काढायचं ठरत होतं आणि त्याआधी किनारा कसा आहे याची नोंद करायला तिला पाठवलं होतं. पाणी प्यायला आत आली आणि दारामागचे आकडे बघून तहान विसरली.

"मावशी, हे तीस वर्षांचं आहे? अहो, एवढं तर आमच्याकडंसुद्धा नाही. कुणी मोजलं?"

"बाबांनी. मग मी."

"कशानं?"

"पावलांनी."

मोजणीवालीची नजर खाली गेली. मग हळूच म्हणाली, "तुमचा पाय बघू?"

आईनं वडिलांच्या चपला खाटेखाली जपून ठेवल्या होत्या. आई मागच्या खोलीत झोपली होती. थोरलीनं आवाज न करता एक चप्पल ओढून काढली आणि तिच्यात पाय घातला. टाच टाचेला लावली. अंगठ्यापुढं तीन बोटं जागा उरली. वडील अडीच वेळा पाऊल टाकायचे तेवढ्यात तिला तीनदा टाकावं लागणार, हे हिशेबातलं नव्हे तर डोळ्यासमोरचं होतं. दोनशे बारा म्हणजे दोनशे बारा नव्हतेच. वडील आजारी होते त्या आठ महिन्यांत त्यांची पस्तीसेक पावलं वाळू निघून गेली होती, आणि तिच्या छोट्या पायांनी ती परत मोजून भरून काढली होती.

"कुणाच्याही लक्षात आलं नसतं," मोजणीवाली म्हणाली.

"मी ताडपत्री शिवते," थोरली म्हणाली. "गिऱ्हाइकानं वितीनं माप आणलं तर मी त्याला परत पाठवते. म्हणते, तुमची वीत आणि माझी वीत एक नाही."

ती दुसऱ्याच दिवशी कार्यालयात गेली. एका खिडकीतून दुसऱ्या, दुसरीतून तिसऱ्या. शेवटच्या खिडकीतल्या कारकुनानं तिचंच पत्र तिच्यापुढं ठेवलं. "तुम्ही स्वतःच लिहिलंय, किनारा थांबला आहे. जागा वाटून झाल्या." तिनं पायाचं सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं, हसला नाही, हे त्याचे उपकार. पण जागा काही त्याच्या खणात नव्हती. घरी येऊन तिनं आईला यातलं अवाक्षर सांगितलं नाही. काय सांगणार? तुझ्या डोक्यावरचं छप्पर मी पायानं उडवलं?

आता उरलं ते धरण. थोरलीनं सगळी भिस्त त्याच्यावर ठेवली. धरण काढा म्हणून मोर्चा निघाला तेव्हा तिनं वीस हात लांब फलक शिवला, 'नदीला वाट द्या', अक्षरं वेगळ्या कापडाची, कडेला दुहेरी शिलाई. खरं सांगायचं तर त्या फलकानं काही झालं नाही. धरणात पाण्यापेक्षा गाळ जास्त झाला होता, भिंतीला भेगा होत्या आणि दुरुस्तीपेक्षा पाडणं सोपं होतं, म्हणून ते पाडलं. पण थोरलीला वाटायचं की आपल्या शिलाईचा थोडा हातभार लागला. वाटू दे, कुणाचं काय जातंय!

भिंत वरून थराथरानं काढली. पहिल्या वर्षी आला तो नुसता चिखल. नदी महिनोन्महिने चहाच्या रंगाची, ओंडके, कुजका वास. लोक धरण काढणाऱ्यांना शिव्या घालायला लागले. थोरली यंत्रावर बसून म्हणायची, "तीस वर्षांचं तुंबलेलं आहे, आधी घाणच निघणार." दुसऱ्या वर्षी पाणी निवळलं आणि एके दिवशी ओहोटीला मुखाच्या मधोमध वाळूची एक लांबट पाठ वर आली. होडीतले प्रवासी त्यावर उतरून उभे राहिले, फोटो काढले. थोरलीनं आईला खुर्चीसकट दारात आणून बसवलं. "दिसतंय का? ती बघ. आली."

"दिसतंय," आई म्हणाली. "पण ती तिथं आहे. आपण इथं."

"येईल गं. जरा दम धर."

दारापुढं तेव्हा सत्तर पावलं उरली होती, आणि ती तिचीच, छोटी. वाळू येईपर्यंत घर टिकवायचं एवढंच तिला करायचं होतं. तिनं आपल्याला येत होतं ते केलं. जाड ताडपत्रीच्या लांब पिशव्या शिवल्या, साठ, प्रत्येकीला तिहेरी शिवण, आणि समोरचीच वाळू त्यात भरून घरापुढं रचल्या. वाळू वाचवायला वाळूच उकरायची, म्हणजे शर्टाच्या बाहीचं ठिगळ पाठीला लावण्यातला प्रकार, हे तिला कळत होतं. पण हातावर हात ठेवून कसं बसणार? पहिल्या मोठ्या भरतीनं पिशव्या खालून पोकळ केल्या आणि एकेक करून ओढून नेल्या. आठवड्यानं धाकटीच्या नवऱ्यानं एक रिकामी पिशवी परत आणून दिली. पलीकडच्या काठाला लागली होती. तळाच्या दोन कड्यांमधलं कापड दगडावर घासून फाटलं होतं, पण शिवण एकही उसवली नव्हती. थोरली ती पिशवी हातात घेऊन कितीतरी वेळ शिवणीवरून बोट फिरवत बसली.

तिसऱ्या वर्षी ती मधली वाळू हलायला लागली. रोज थोडी. थोरली सकाळी उठल्याबरोबर आधी दारात जायची. महिन्याभरात डोळ्यांनासुद्धा कळायला लागलं की वाळू सरकते आहे, पण पलीकडे. मोजणीवाली आली तेव्हा थोरलीनं तिला आत बसूही दिलं नाही.

"तिकडं का जातेय?"

मोजणीवालीनं टोपी काढली. "लाटा इकडून तिरप्या येतात ना मावशी. वाळूला त्या तिकडंच ढकलणार. तिकडचा काठ भरला की मग हळूहळू इकडंही वळेल."

"कधी?"

"दहा वर्षं. पंधरासुद्धा लागतील."

"आणि तोवर मी काय करू? खांबाला धरून उभी राहू?"

पोरीनं टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. तिच्या यंत्रात सगळं मोजता येत होतं, पण थांबवता काहीच येत नव्हतं. तिचा तरी काय दोष!

पलीकडं धाकटीच्या दारापर्यंत वाळू आली. तिचा फोन यायचा. "ताई, वैताग आणलाय बघ वाळूनं. अंथरुणात वाळू, ताटात वाळू, झाडू झाडू हात मोडले..." आणि मध्येच आपण कुणाशी बोलतोय हे आठवून ती जीभ चावायची. "थोडी पिशवीत भरून पाठव," थोरली म्हणायची. दोघी हसायच्या. फोन ठेवल्यावर थोरली यंत्राचं चाक उगाचच हातानं फिरवत राहायची. बहिणीचा हेवा वाटतो याची तिला लाज वाटायची, आणि तरी वाटायचाच.

शेवटी या वर्षी पुढच्या पायरीखालची जमीन गेली. पायरी अधांतरी लटकायला लागली. कार्यालयाची माणसं येऊन दारावर कागद डकवून गेली, आठ दिवसांत घर रिकामं करा. या खेपेला उत्तर मागितलंच नव्हतं. थोरलीनं बस अड्ड्यामागं पत्र्याची एक खोली पाहिली. यंत्र बसलं की तिथं एक माणूस कसाबसा आडवा होणार. आईला धाकटीकडं ठेवावं लागणार होतं. तिनं वडिलांना दिलेला शब्द मोडला होता, आणि तो मोडण्याचं कारणही तीच होती. तीन रात्री ती झोपली नाही.

चौथ्या दिवशी धाकटीचा नवरा होडी घेऊन आला. त्यानं आणि थोरलीनं आईला खुर्चीसकट उचलून होडीत ठेवलं. आईनं मागं वळून घराकडं पाहिलंसुद्धा नाही. थोरलीला वाटलं, मनाला लावून घेतलंय. पलीकडं उतरल्यावर आई म्हणाली, "खुर्ची नको. मला खाली उतरवा."

"सासूबाई, गुडघे..."

"गुडघे माझे आहेत, जावईबापू."

दोघी मुलींच्या खांद्यांवर हात टाकून आई अनवाणी वाळूत उभी राहिली. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. वाळू कोरडी, भुसभुशीत, घोट्यापर्यंत पाय जात होते. दहाएक पावलं चालून ती धपकन खाली बसली, पाय लांब केले आणि दोन्ही हातांनी वाळू उपसून मांडीवर घ्यायला लागली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते थोरलीनं वडील गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

धाकटी चहा टाकायला घरात गेली. थोरली आईशेजारी बसली. आता बोलली नाही तर कधीच बोलणार नाही, हे तिला कळलं. तिनं सगळं सांगून टाकलं, पाय, चप्पल, दोनशे बारा, पत्र. "माझ्यामुळं गेलं आई. चढावर आपलं घर असतं. बाबा म्हणाले होते, तुला तिथून हलवू नकोस म्हणून. मला तेवढंही जमलं नाही."

आई वाळू चाळतच होती. "त्यांनी मला विचारलं होतं का?"

"म्हणजे?"

"मला कुठं करमतं आणि कुठं नाही, हे त्यांनी मला विचारलं होतं का? आणि तू पत्र वाचलंस. वाचता वाचताच उत्तरही दिलंस. माझ्या तोंडाकडं तरी बघितलंस?"

"तुला चढावर जायचं होतं?"

"मला काय, चढावर काय आणि इथं काय. पण मला वाटलं, या पोरीचं दुसरं कोण आहे? यंत्र आणि ते घर. मी निघते म्हणाले तर ही मोडून पडेल. म्हणून राहिले. सात वर्षं त्या लाटा उशाशी ऐकत, दर भरतीला जीव मुठीत धरून राहिले. तुझ्यासाठी गं." तिनं थोरलीच्या पाठीवर वाळूनं भरलेला हात ठेवला. "आता मला इथंच राहू दे. परत तिकडं नको नेऊस."

 सात वर्षं एकमेकींसाठी एका खचत्या घराला दोघी धरून बसल्या होत्या, आणि एक शब्द विचारला असता तर दोघी सुटल्या असत्या. घर जायचं ते गेलंच असतं. पण ही सात वर्षं तरी गेली नसती.

संध्याकाळपूर्वी तिला परतायचं होतं. अकरा झाकणांची शिलाई बाकी होती आणि यंत्र हलवायला माणसं सकाळी येणार होती. ती होडीत चढत होती तेव्हा आईनं लांबूनच हाक मारली. "आता तिकडं एकटीनं रात्र काढू नकोस गं!" थोरलीनं हात हलवला. एकटीनं नको तर कुणाबरोबर, हे आई काही बोलली नाही.

नदीच्या मध्यावर होडी खरखरली आणि थांबली. ओहोटी होती. धाकटीच्या नवऱ्यानं वल्हं रोवून पाहिलं. "ताई, जरा उतरता का? वाळू लागली. रोजचंच झालंय हल्ली. एका अंगानं ढकललं की निघते."

तिनं साडी खोचली आणि उतरली. पाणी नडगीपर्यंत. पायाखाली घट्ट, गार, दाणेदार वाळू, तीस वर्षं जिची वाट बघितली ती, दोन्ही काठांपासून सारख्याच अंतरावर. तिनं होडीला खांदा लावला. एकदा रेटलं, दोनदा रेटलं. तिसऱ्यांदा रेटताना तिला रडू फुटलं आणि ते आवरेना. धाकटीच्या नवऱ्यानं तोंड दुसरीकडं केलं आणि उगाचच दोरी गुंडाळत राहिला. होडी सुटली तशी ती आत चढली, आणि दोघं अलीकडच्या काठाला लागले.